आधी पत्ता, मग मजकूर: स्वतःचं संकेतस्थळ उभारताना आणि शोधात आणताना

चौकट (धागाकर्ता)

स्वतःचं संकेतस्थळ काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "होस्टिंग कुठलं घेऊ?" खरं तर या सगळ्या कारभारात होस्टिंग (फायली ठेवायची सर्व्हरवरची जागा) सर्वांत सहज बदलता येतं. आज एका सर्व्हरवरच्या फायली उद्या दुसऱ्यावर हलवल्या तर वाचकाला पत्ताही लागत नाही. बदलायला महाग पडतो तो पानाचा पत्ता. शोधयंत्र पान ओळखतं ते पत्त्यावरून. लोकांनी दिलेले दुवे आणि साठवलेल्या वाचनखुणाही पत्त्यालाच बांधलेल्या असतात. मजकूर जसाच्या तसा ठेवून नुसता पत्ता बदलला, तरी शोधयंत्राच्या लेखी ते नवं पान होतं. म्हणून सुरुवात पत्त्यापासून करू.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, स्वतःच्या नावावर नोंदवा. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यातून नोंदवलं, तर ते कागदोपत्री त्याचं असतं. रजिस्ट्रारकडच्या (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडच्या) खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, आणि पासवर्ड परत मिळवायची वाट तिथेच संपते. ट्रान्सफर लॉक (नाव दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) चालू ठेवा, दुहेरी पडताळणी लावा आणि आपोआप नूतनीकरण चालू असलं तरी त्यामागचं कार्ड चालू आहे ना, ते वर्षातून एकदा बघा. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग यांसारख्या नावांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते.

मुदत हुकली तर काय होतं हे नीट समजून घ्या. अशा डोमेनांना मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत सवलत असू शकते, पण ती पूर्ण द्यायची की नाही हे रजिस्ट्रार ठरवतो. तो काळ संपून नाव काढून टाकलं गेलं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ सुरू होतो. त्यात नाव परत मिळतं, पण दंडासकट. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव सगळ्यांसाठी खुलं होतं. जुने दुवे असलेलं नाव उचलायला टपलेले पुष्कळ असतात. देशवार डोमेनांचे नियम वेगळे असतात, ते त्या त्या नोंदणी संस्थेचे वाचावेत.

आता जागा. लेख, छायाचित्रं आणि थोडी माहिती एवढंच असेल तर स्थिर पानं पुरतात: ह्यूगो, जेकिल किंवा इलेव्हंटी या साधनांपैकी एकाने एचटीएमएल तयार करायचं आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या ठिकाणी ठेवायचं. गिटहब पेजेसवर प्रकाशित संकेतस्थळाची मर्यादा १ जीबी आहे, आणि महिन्याला १०० जीबी वहनाची (वाचकांकडे जाणाऱ्या डेटाची) सैल मर्यादा आहे. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत २०,००० फायली आणि प्रत्येक फाइल २५ एमबीच्या आसपास. शेकडो लेखांना हे भरपूर झालं. प्रतिसाद, सदस्य, संपादनासाठी लॉगिन हे हवं असेल तर वर्डप्रेस आणि शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटून घेतलेला सर्व्हर). तिथे "अमर्याद जागा" या शब्दांपेक्षा आयनोडची मर्यादा विचारा, म्हणजे एकूण फायली किती ठेवता येतात ते. एका छायाचित्राच्या वर्डप्रेस पाच-सहा आकारांच्या प्रती करतो, त्यामुळे जागा उरलेली असतानाही आयनोड संपतात आणि नवं काही चढेनासं होतं.

व्हीपीएस, म्हणजे स्वतः सांभाळायचा आभासी सर्व्हर, तेव्हाच घ्या, जेव्हा सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला स्वतः करायची तयारी असेल.

उंबरठा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. होस्टिंग बदलणं सोपं आहे हे खरं, पण डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) बदलताना पुष्कळांचं ईमेल बंद पडतं. त्याचा क्रम लिहाल का?

चौकट

@उंबरठा, बरोबर, तो मुद्दा हवाच.

नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले की जुन्या ठिकाणच्या सगळ्याच नोंदी वाऱ्यावर जातात. सर्व्हरचा आयपी सांगणारी ए नोंद सगळ्यांच्या लक्षात राहते. ईमेल कुठे पोचवायचं ते सांगणारी एमएक्स आणि मजकुराची टीएक्सटी विसरल्या जातात, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ईमेल पाठवणाऱ्याची खातरी देणाऱ्या तिन्ही टीएक्सटी नोंदींमध्येच असतात (डीकेआयएम कधी सीनेमने, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे दाखवणाऱ्या नोंदीने, जोडलेली असते). त्या गेल्या की एकतर ईमेल येणं थांबतं किंवा पाठवलेलं थेट स्पॅममध्ये पडतं. त्यामुळे आधी नव्या ठिकाणी सगळ्या नोंदी एकेक करून उतरवा, जुन्या यादीशी ताडून बघा आणि मगच नेमसर्व्हर बदला.

नुसता सर्व्हर बदलायचा असेल तर आधी नोंदीचा टीटीएल (ती इतरांनी किती वेळ साठवून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. पण हे आदल्या क्षणी करून उपयोग नाही. आधीचा टीटीएल ८६,४०० असेल, तर जगभरच्या कॅशमध्ये जुनी नोंद एक पूर्ण दिवस राहणार. निदान तेवढा वेळ आधी हे करून ठेवायचं. मग नव्या सर्व्हरवर फायली चढवा, स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फायलीत नवा आयपी लिहून संकेतस्थळ तपासा आणि त्यानंतर ए नोंद बदला. जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवा.

चार-ए नोंद, म्हणजे आयपीव्ही६ची, हमखास विसरली जाते. ए नवीन आणि चार-ए जुनी राहिली की काही वाचकांना नवं संकेतस्थळ दिसतं, काहींना जुनं, आणि मालकाला आपल्या जोडणीवर सगळं ठीक दिसतं. लेट्स एन्क्रिप्ट या एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची पडताळणीही आधी आयपीव्ही६ने होते, म्हणून प्रमाणपत्र नाकारलं गेलं तर पहिल्यांदा ही नोंद बघा.

शिवाय, तिहेरी डब्ल्यू नसलेल्या मूळ नावाला सीनेम लावता येत नाही. सीनेमच्या जोडीला त्याच नावावर दुसरी नोंद चालत नाही, आणि मूळ नावावर एनएस व एसओए या नोंदी असाव्याच लागतात. तुमच्या डीएनएस सेवेत एलियास किंवा सीनेम फ्लॅटनिंग (मूळ नावालाही सीनेमसारखं चालवणारी सोय) असेल तर ते वापरा, नाहीतर ए नोंद.

शेवंती

एचटीटीपीएसबद्दल थोडं. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं मोफत आहेत आणि आजवर साधारणपणे ९० दिवसांची असत आली आहेत. हा काळ पुढे आणखी आखडणार आहे: १५ मार्च २०२९पासून कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ४७ दिवस असेल. हाताने नूतनीकरण करायचे दिवस संपले. सर्टबॉट हे आपोआप नूतनीकरण करणारं साधन बसवलात तर त्याचा टायमर खरंच चालू आहे का ते तपासा, आणि कोरड्या चाचणीचा (ड्राय रन) पर्याय वापरून नूतनीकरण एकदा करून बघा. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५मध्ये बंद केली, म्हणून बाहेरून लक्ष ठेवणारी एखादी सेवा लावून ठेवा.

नूतनीकरण फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ८० क्रमांकाचं पोर्ट. "आता सगळं एचटीटीपीएसवर आहे" म्हणून फायरवॉलमध्ये ते बंद केलं जातं, आणि फायलीवरून होणारी पडताळणी तर ८०वरच येते. ते उघडं ठेवा आणि तिथून ४४३कडे वळवा.

चाचण्या करायच्या असतील तर लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या, सर्व्हरवर करा. नावांच्या त्याच संचासाठी आठवड्यात ५ प्रमाणपत्रं मिळतात. खटपटीत ती संपली की ताटकळत बसावं लागतं.

पाणकोळी

माझा प्रश्न पानांच्या पत्त्यांचा. वर्डप्रेसवर मराठी शीर्षक दिलं की पत्ता देवनागरीत होतो, पण लांब शीर्षकं अर्ध्यातच तुटतात. कारण काय?

तळटीप

@पाणकोळी, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे.

यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. काना, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हं धरायची. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अंक-अक्षरं अशा तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ खुणा. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं आहेत: १५ बाइट, पत्त्यात ४५ खुणा. वर्डप्रेसच्या तक्त्यात पत्त्याच्या या तुकड्यासाठी २०० खुणांचा रकाना आहे. २०० भागिले ९, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. "दुसऱ्याच्या" या एकाच शब्दात ११ चिन्हं आहेत, म्हणजे निम्मा रकाना तिथेच संपला. शीर्षक मग जिथे २२ भरतील तिथे तुटतं, कधी हलन्तावरसुद्धा.

ह्यूगोसारख्या साधनांत अडचण वेगळी. तिथे पत्त्याच्या नावाचा फोल्डर तयार होतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे ८५ देवनागरी चिन्हं. त्याहून लांब झालं की नाव फार लांब असल्याची तक्रार येते आणि बांधणी थांबते.

माझं मत: पत्ता शीर्षकावरून आपोआप होऊ देऊ नका. प्रत्येक लेखाला दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता हाताने द्या.

खडूफळा

तळटीप यांचा हिशेब बरोबर आहे. त्यापुढे जाऊन मी म्हणेन, पत्ता रोमनमध्येच ठेवा. देवनागरी पत्ता गप्पांच्या ॲपमध्ये चिकटवला की टक्क्यांची लांबलचक रांग होते, ती ओळीअखेर तुटते आणि दुवा उघडत नाही.

शेवंती

@खडूफळा, इथे असहमत. शोधयंत्रांना देवनागरी पत्ते व्यवस्थित कळतात, आणि वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात असावेत असंच गूगलच्याही सूचनांत आहे. मराठी शब्दांचं रोमन लेखन एकसारखं नसतं: "वाचन"मध्ये एक ए की दोन, "छाया"त किती एच, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. छोटा देवनागरी पत्ता, तीन शब्दांच्या आतला, मला जास्त प्रामाणिक वाटतो.

चौकट

दोन्ही चालतं. चालत नाही ते मधेच बदलणं. देवनागरी ठेवणार असाल तर वळवणी (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारा नियम) लिहिताना एक खोच लक्षात असू द्या. एनजिनएक्स या सर्व्हर-प्रणालीत लोकेशनची ओळ उलगडलेल्या (टक्क्यांची परत अक्षरं केलेल्या) पत्त्याशी जुळवली जाते. तिथे टक्क्यांचं रूप लिहिलं तर ती ओळ कधीच लागू होत नाही. जुना पत्ता थेट देवनागरीत लिहा आणि फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा. जिथे पाठवायचं तो नवा पत्ता मात्र टक्क्यांच्या रूपात द्या, कारण रिटर्नच्या ओळीत लिहिलेलं जसंच्या तसं ब्राउझरकडे जातं. अपाचे या दुसऱ्या सर्व्हर-प्रणालीतल्या साध्या रिडायरेक्टमध्येही जुना पत्ता उलगडलेलाच जुळवतात.

वळवणी ३०१ द्या. ३०२ म्हणजे तात्पुरती, त्यात शोधयंत्र जुनाच पत्ता धरून बसू शकतं. निदान एक वर्ष ती काढू नका. जमल्यास कायम ठेवा, तिला खर्च काहीच नाही. प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या जागी गेलं पाहिजे. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल त्यांना "सॉफ्ट ४०४" समजतं, म्हणजे पान हरवलं असंच धरतं. एचटीटीपी, एचटीटीपीएस, तिहेरी डब्ल्यूसह आणि विना, या चार रूपांपैकी एक पक्कं करा आणि बाकी तीन एकाच उडीत तिथे पोचू द्या.

गवतफुला

मला शोधात पानं न दिसण्याबद्दल विचारायचं होतं. रोबोट्स फायलीत सगळं खुलं आहे, साइटमॅप (पानांच्या पत्त्यांची यादी) दिला आहे, तरी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानं नोंदवलेली दिसत नाहीत. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. कुठून तपासू?

तळटीप

@गवतफुला, या क्रमाने बघा.

सेटिंग्जमधल्या "रीडिंग" पानावर शोधयंत्रांना परावृत्त करणारी एक चौकोनी खूण असते. बांधकाम चालू असताना ती लावतात आणि काढायची राहते. तिने प्रत्येक पानावर नोइंडेक्सची, म्हणजे "नोंदवू नका" अशी, खूण उमटते. रोबोट्स फाइल कितीही खुली असो, ही खूण असेल तर पान शोधात येणार नाही.

उलटा घोळही तितकाच होतो. एखादं पान शोधातून काढायचं म्हणून रोबोट्स फायलीत अडवतात. पण ती फाइल फक्त "आत येऊ नका" एवढंच सांगते. बाहेरून दुवे असतील तर पत्ता वर्णनाविना शोधात दिसतच राहतो. नोइंडेक्सची खूण वाचायला तर क्रॉलरला (पानं वाचत फिरणाऱ्या शोधयंत्राच्या प्रोग्रामला) पानात यावं लागतं, तेव्हा दोन्ही एकदम लावले की खूण कधी वाचलीच जात नाही. काढायचं पान उघडं ठेवा आणि त्यावर नोइंडेक्स लावा. खाजगी असेल तर पासवर्ड. रोबोट्सची प्रथा १९९४पासूनची आहे, तिचं औपचारिक मानक २०२२मध्ये आलं, पण आजही ती पाळणं क्रॉलरच्या मर्जीवर आहे. तिला कुलूप समजू नका.

सर्च कन्सोलमध्ये "डिस्कव्हर्ड" असं कारण येत असेल तर पत्ता कळला आहे, पान अजून आणलेलं नाही. "क्रॉल्ड" असेल तर पान वाचलं, पण नोंदवायचं नाही असं ठरवलं. पहिल्यावर उपाय म्हणजे आतले दुवे: सगळ्या लेखांची एक अनुक्रमणिका आणि प्रत्येक लेखातून दोन-तीन संबंधित लेखांकडे दुवे. दुसऱ्यात बहुतेकदा पानं फार तोकडी किंवा एकसारखी असतात. वर्डप्रेस प्रत्येक टॅगचं वेगळं पान करतो. एकेक लेख असलेले दोनशे टॅग म्हणजे दोनशे निरुपयोगी पानं. टॅग कमी करा.

साइटमॅपमध्ये एका फायलीत ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी चालतात. प्राधान्य आणि बदलाची वारंवारता हे रकाने गूगल बघतच नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतं, पण ती खरी असेल तरच. रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारं प्लगिन असेल तर त्या तारखेवरचा विश्वास उडतो.

बिंगसाठी वेगळं वेबमास्टर खातं काढा. इंडेक्सनाऊ या पद्धतीने नवा पत्ता बिंग आणि यांडेक्सला लगेच कळवता येतो. गूगल ती घेत नाही.

गवतफुला

ती खूणच लागलेली होती. काढली. कीवर्डचा मेटा टॅग (पानात न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरून ठेवला आहे, तो राहू देऊ का?

तळटीप

क्रमवारीसाठी गूगल तो वापरत नाही, हे त्यांनी २००९मध्येच जाहीर केलंय. त्यापेक्षा प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं आणि नेमकं करा. मराठीत आणखी एक करा. शब्दाचं सामान्यरूप होताना मूळ शब्द बदलतो: घोडा, घोड्याला, घोड्यांचं. लेखभर नुसतं "घोड्याच्या" आणि "घोड्यांना" असेल आणि "घोडा" कुठेच नसेल, तर शोधणाऱ्याच्या शब्दाशी जुळणी कच्ची राहते. शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात मूळ रूप एकदा तरी येऊ द्या.

पाणकोळी

जुने लेख श्रीलिपी आणि शिवाजी या जुन्या फॉन्टांमध्ये टंकलेले आहेत. तेच पीडीएफ करून चढवले तर शोधात येतील का?

खडूफळा

नाही. त्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फायलीत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक साठवलेले असतात. शोधयंत्र चित्र बघत नाही, क्रमांक वाचतं. आधी त्या त्या फॉन्टच्या रूपांतरकाने युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, आणा. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते, तेव्हा रूपांतरक नेमका त्याच फॉन्टचा हवा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा बदलताना चुका राहतात. ते दोन्ही डोळ्यांखालून घाला. मग एचटीएमएल पान करा. पीडीएफ जोडीला द्यायची तर द्या, पण तिच्यावर विसंबू नका: युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमधूनही जोडाक्षरं पुष्कळदा विस्कटलेली बाहेर येतात. पीडीएफ उघडून एक ओळ उचला आणि साध्या संपादकात चिकटवून बघा. तिथे जे दिसेल तेच साधारण शोधयंत्राला मिळतं.

शेवंती

फॉन्टचा विषय निघालाच आहे, तर पानाच्या मूळ टॅगमध्ये भाषा मराठी, म्हणजे एम आणि आर ही दोन अक्षरं, जरूर लिहा. गूगल पानाची भाषा मजकुरावरून ओळखतं, तिथे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो अक्षरांत. मराठीचा ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत, आणि नोटोसारख्या फॉन्टांत दोन्ही असतात. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळण येतं. मजकूर वाचून दाखवणारी साधनंही आवाज याच खुणेवरून निवडतात.

वेबफॉन्ट (पानाबरोबर पाठवला जाणारा फॉन्ट) हलका करायला छाटताना जोडाक्षरांचे नियम असलेला तक्ता छाटला जाऊ नये. गेला की "क्ष"ऐवजी क, हलन्त, ष असं सुटं दिसतं. डब्ल्यूओएफएफ२ स्वरूप वापरा, दोनच वजनं (साधं आणि ठळक) ठेवा आणि फॉन्ट येईपर्यंत मजकूर दिसत राहील अशी "स्वॅप"ची सोय करा. छायाचित्रांना रुंदी-उंची लिहा, म्हणजे वाचता वाचता ओळी खाली सरकत नाहीत. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा असा गूगलचा निकष आहे.

उंबरठा

बॅकअपबद्दल कोणीच लिहिलं नाही.

चौकट

@उंबरठा, वर्डप्रेस असेल तर डेटाबेसचा डंप (सगळ्या मजकुराची एका फायलीतली प्रत) आणि अपलोड्सचा फोल्डर, दोन्ही हवेत. एकाने भागत नाही. होस्टिंगवाल्याचा बॅकअप त्याच खात्यात असतो, खातं गेलं की तोही गेला. म्हणून एक प्रत आपल्या संगणकावर आणि एक तिसरीकडे. डंप घेताना संकेतन यूटीएफ८एमबी४ सांगा. जुने डेटाबेस लॅटिन१ (रोमन लिपीचं जुनं संकेतन) म्हणून नोंदलेले असतात आणि आत यूटीएफ-८ भरलेलं असतं. अशांचं दुहेरी संकेतन होऊन परत आणल्यावर मराठीच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांची ओळ दिसते. डंप काढला की लगेच संपादकात उघडा आणि मराठी वाचता येतं का बघा.

पाणकोळी

सगळं लावलं. एकच पान अडलंय: "दुसऱ्या" शब्द असलेला पत्ता दुव्यावरून उघडतो, तोच शब्द स्वतः टंकला की ४०४.

तळटीप

ऱ्या दोन प्रकारे टंकला जातो: नुक्तावाला ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडखूण, य. डोळ्यांना सारखं दिसतं, बाइट वेगळे असतात. "ॲ"चंही तेच: एक स्वतंत्र अक्षर आहे, दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने या जोड्या एक होत नाहीत. पत्त्यातून हा शब्दच काढा, "दुसरी" चालेल, आणि दोन्ही जुन्या रूपांवरून नव्याकडे ३०१ लावा.